सीताफळाचा गर खावा, बीपासून जपावे

गेल्या आश्विनातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक शेतकरी आपल्या दहा वर्षांच्या मुलीला उचलून घेऊन आला. मुलीचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, पापण्या सुजलेल्या, पाण्याची धार लागलेली. उजेड सहन होत नव्हता. मागोमाग आई रडत आली. “उवा लय झाल्या व्हत्या सायेब. सीताफयाच्या बिया वाटून तेलात लावल्या. न्हाऊ घालताना पानी डोयात गेलं.”

मी लगेच स्वच्छ सलाईनने अर्धा तास डोळे धुतले, मलम घातले आणि मुलीला खामगावला नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले. डोळ्याच्या बुबुळावरचा पातळ पापुद्रा पार सोलवटून गेला होता. उपचार वेळेवर मिळाले म्हणून आठवड्याभरात मुलगी बरी झाली.

तपासणीला परत आले तेव्हा बाप म्हणाला, “सायेब, ते झाडच तोडून टाकतो आता.” झाड त्याच्या आजीने परसात लावलेले, फळांनी लदलेले. आणि त्याच्या हातातल्या पिशवीत मुलीसाठी उधारीवर आणलेली किलोभर सफरचंदे! मी त्याला म्हटले, “दादा, झाडाचा काय दोष? घरचे अमृत तोडून बाजारातले फळ का आणता?” त्याला जे सांगितले तेच आज वाचकांसाठी लिहितो.

रोगी म्हटला की सफरचंद

आपल्याकडे माणूस आजारी पडला की भेटायला येणारा सफरचंद घेऊन येतो. सफरचंद वाईट नाही, पण त्यात औषधी चमत्कारही नाही. १०० ग्रॅम सफरचंदात ‘क’ जीवनसत्त्व असते जेमतेम १ ते ५ मिलिग्रॅम. तेवढ्याच सीताफळाच्या गरात ते सुमारे ३७ मिलिग्रॅम असते. सफरचंदातून ५० ते ६० कॅलरी मिळतात, तर सीताफळातून सुमारे १००. तापातून उठलेल्या अशक्त मुलाला, भूक मंदावलेल्या म्हाताऱ्याला मऊ, पटकन पोटात जाणारे आणि ताकद देणारे फळ हवे असते. ते आपल्या अंगणातच आहे.

सफरचंदाचे झाड आपल्याकडे लावावे काय, असे काही हौशी वाचक विचारतात. सफरचंदाच्या नेहमीच्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी सुमारे हजार तास लागते. सातपुड्याच्या पायथ्याला ती कुठून मिळणार? हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी ‘एचआरएमएन-९९’ ही जात काढली आहे. हौस म्हणून ती जरूर लावावी. पण आमच्या सोनाळ्याच्या मुरमाड जमिनीत, उन्हाच्या तडाख्यात, फारसे पाणी न मागता फळणारे झाड सीताफळाचेच. शिवाय गुरे-शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाचीही काळजी नाही.

सीताफळ मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांबरोबर ते इकडे आले असे मानतात. पण ते इथे असे रुजले की आपण त्याला सीतामाईचे नाव दिले. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बार्शी तालुक्यातील गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांची ‘एनएमके-१ गोल्डन’ ही कमी बियांची जात आता बाजारात दिसते. असे असले तरी आजीच्या हातचे गावठी झाड ज्याच्या घरी आहे, त्याने ते तोडू नये. उलट त्याची रोपे करावीत.

जुन्या झाडाची नवी रोपे

मोठ्या डोळ्यांचे, झाडावर पूर्ण तयार झालेले फळ निवडावे. बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात. जूनमध्ये एक दिवस पाण्यात भिजवून पिशवीत दोन-दोन लावाव्यात. कोंब यायला तीन ते पाच आठवडे लागतात, म्हणून घाईने उकरून पाहू नये. पुढच्या पावसाळ्यात दोन फूट खोल खड्ड्यात शेणखत घालून रोप लावावे. दोन झाडांत पंधरा फूट अंतर ठेवावे. जमीन काळी, पाणी धरणारी असेल तर उंचवटा करावा. साचलेले पाणी या झाडाला मानवत नाही. बीचे झाड तंतोतंत आईसारखे निघेलच असे नाही. तीच चव हवी असेल तर जुन्या झाडाची काडी नेऊन रोपवाटिकेत कलम बांधून घ्यावे. तीन-चार वर्षांत फळ दिसू लागते.

पाने गळाल्यावर वाळक्या काटक्या छाटाव्यात. झाडावर काळी, दगडासारखी झालेली फळे लटकत असतील तर ती तोडून जाळावीत, त्यातून रोग पसरतो. फुले येतात पण फळ धरत नाही, अशी तक्रार असेल तर सकाळी पूर्ण उमललेल्या फुलातले पराग मऊ कुंचल्याने अर्धवट उघडलेल्या फुलात लावून पाहावेत. फळाचे डोळे उघडून फटी पिवळसर पांढऱ्या दिसल्या की ते उतरवून अढी घालावे.

कोणी किती खावे?

मधुमेह असलेल्यांनी सीताफळ मनमुराद खाऊ नये. साखर ताब्यात असेल तर लहानसे अर्धे फळ, जेवणानंतर लगेच नव्हे तर दोन जेवणांच्या मध्ये, आणि त्या दिवशी दुसरे गोड नाही. आपल्या संग्रामपूर, जळगाव जामोद भागात किडनीचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे फळ खाऊ नये, कारण त्यातले पोटॅशियम बिघडलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही. लहान मुलांना बिया काढूनच गर द्यावा, बी घशात अडकण्याची भीती असते. सीताफळाने सर्दी होते म्हणतात. सर्दी होते ती विषाणूमुळे, फळामुळे नव्हे.

बी म्हणजे विष

आता सर्वांत महत्त्वाचे. चुकून अखंड बी गिळली तर ती बहुधा तशीच बाहेर पडते, घाबरू नये. पण फोडलेली, वाटलेली बी विषारी आहे. तिची पूड किंवा तेल डोळ्यात गेल्यास बुबुळाला जखम होते. उपचार लांबले, जखम चिघळली तर फूल पडून नजर कायमची अधू होऊ शकते. गरोदर बाईने तर ही पूड पोटातही घेऊ नये आणि बाहेरूनही लावू नये.

उवांसाठी बारीक दातांची फणी आणि औषधाच्या दुकानात मिळणारे परमेथ्रिनचे एक टक्क्याचे औषध पुरे आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते वापरावे, आठवड्याने पुन्हा लावावे आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच वेळी तपासावीत. नाहीतर उवा या डोक्यातून त्या डोक्यात फिरत राहतात.

तरीही पूड डोळ्यात गेलीच तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे सतत डोळे धुवावेत आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. मध, गुलाबपाणी, दूध किंवा घरात पडून असलेले थेंब घालू नयेत. डोळे चोळू नयेत.

त्या शेतकऱ्याने झाड तोडले नाही. पंधरा दिवसांनी मुलगी स्वतः टोपलीभर सीताफळे घेऊन दवाखान्यात आली. “आईनं सांगतलं, बिया इकडंतिकडं फेकू नका,” असे म्हणून खुदकन हसली. वाचकहो, झाड ठेवा, गर खा. बिया मात्र रोपासाठी मातीत घाला, नाहीतर खोल पुरून टाका. मुलांच्या हाती आणि पाट्या-वरवंट्यावर त्या कधी जाऊ देऊ नका.