धुऱ्यावरचे झाड : शब्द, सावली आणि कायदा

काटोलच्या परिसरात, किंबहुना सर्व विदर्भात, शेताच्या बांधास 'धुरा' असे म्हणतात. प्रमाण मराठीतही 'धुरा' आहे. परंतु तेथे तो शब्द स्त्रीलिंगी असून त्याचा अर्थ जू, व लक्षणेने जबाबदारी, असा होतो. वैदर्भी धुरा पुल्लिंगी आहे. 'संस्थेची धुरा' आणि 'शेताचा धुरा' यांत जो भेद आहे तो सामान्यरूपात अधिकच स्पष्ट होतो. 'धुऱ्यावर' हे रूप कानी पडले की बोलणे शेताविषयी चालले आहे असे निःशंक समजावे. पुण्याकडील अभ्यासकाने विदर्भातील तक्रारअर्ज वाचताना हे लिंग प्रथम पाहावे, म्हणजे पुष्कळसा घोटाळा टळेल.

या धुऱ्यावर, किंवा त्यास अगदी लागून, शेजाऱ्याने लावलेले झाड हा एक जुना तंट्याचा विषय आहे. प्राचीन धर्मशास्त्रात मात्र सीमेवरचे झाड प्रथम येते ते साक्षीदार म्हणून. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वड, पिंपळ, पळस, सावरी, ताड इत्यादी वृक्ष सीमा ओळखण्यासाठी लावावेत असे सांगितले आहे. सर्वच दीर्घायुषी वा दुरून ओळखू येणारी झाडे. कात्यायनाच्या वचनांत (ही विखुरलेली वचने पां. वा. काणे यांनी १९३३ साली एकत्र प्रसिद्ध केली) दोन शेतांच्या सीमेवर उगवलेल्या झाडाची फळेफुले दोन्ही धन्यांची सामाईक मानली आहेत. तेथे विचार आहे तो फळांच्या वाटणीचा.

आजच्या संत्राबागाइताची अडचण निराळी आहे. त्यास शेजाऱ्याच्या झाडाचे फळ नको असते. त्याची सावली नको असते. काटोल सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो, म्हणजे भर दुपारीही सावली झाडाच्या उंचीइतकी पडते. दक्षिणेच्या धुऱ्यावर १२ मीटर उंचीचे साग असतील, तर ६ मीटर अंतरावर लावलेल्या संत्र्यांच्या दोन ओळी त्या सावलीत जातात. आणि हेच दिवस आंबिया बहाराच्या ताणाचे व त्यामागून येणाऱ्या फुलोऱ्याचे. संत्र्याचे झाड भरात यावयास कित्येक वर्षे लागतात. ते उपटून दुसरीकडे नेता येत नाही. देशावरच्या बोलीत या नुकसानीस 'वसवा' असा स्वतंत्र शब्दच आहे. नुसत्या 'सावली'त गारवा, आश्रय, वडीलधाऱ्यांची छाया हे सगळे येते; 'वसवा' म्हटले की पिकाची हानीच मनात येते.

कायद्याजवळ असा शब्द नाही. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम मद्रास व कुर्ग यांच्याबरोबर मध्य प्रांतात, म्हणजे काटोलातही, आरंभापासून लागू झाला; मुंबई इलाख्यात तो १८९१ साली गेला. २० वर्षांच्या अखंड उपभोगाने खिडकीच्या उजेडावर हक्क निर्माण होऊ शकतो. पण त्याच अधिनियमाचे १७ वे कलम सांगते की, मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या प्रकाशाचा व हवेचा हक्क या रीतीने मिळत नाही. निश्चित प्रवाह नसलेल्या भूगर्भातील पाण्याचेही तसेच. सारांश, धुऱ्यापलीकडच्या झाडाने ऊन अडविले किंवा मुळांनी ओल शोषली, तर केवळ 'पूर्वीपासून ऊन येत होते' या आधारावर दाद मिळणे कठीण.

फांद्यांची गोष्ट वेगळी. हद्द ओलांडून आलेली फांदी हे अतिक्रमण होय, व ती आपल्याच जमिनीत उभे राहून छाटता येते. इंग्लंडमध्ये १८९४ साली लेमन विरुद्ध वेब या खटल्यात हे तत्त्व शिक्कामोर्तब झाले, आणि आपल्याकडील न्यायालयांनीही ते मानले आहे. मात्र छाटलेल्या फांदीवरील फळे झाडाच्या मालकाचीच राहतात, असा निर्णय तेथेच १९१९ साली सफरचंदांच्या बाबतीत झाला.

तरीही कुऱ्हाड उचलण्याची घाई करू नये. झाड नेमके कोणाच्या हद्दीत आहे हे भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीवाचून ठरत नाही, आणि साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. शेजारी राजी असला तरी त्यास परवानगीवाचून साग तोडता येत नाही. काटोल शहराच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रांतील वृक्षांविषयीचा अधिनियम आहे. तेथे छाटणीपूर्वीही नगर परिषदेकडे विचारणा करणे श्रेयस्कर.

मग सावलीचे काय? भाषेच्या विद्यार्थ्याने कलम १७ मधील 'या रीतीने' या दोन शब्दांकडे लक्ष द्यावे. निषेध आहे तो दीर्घ उपभोगाने मिळणाऱ्या हक्काचा. परस्पर कराराने दिलेल्या हक्काचा नव्हे. म्हणजे जे २० वर्षांच्या वहिवाटीने साधत नाही, ते शेजाऱ्यांनी समजुतीने लिहून ठेवल्यास साधू शकते. अडते ते शब्दांपाशी. असल्या समजुतीच्या कागदात 'झाडांचा त्रास होऊ देणार नाही' असे वाक्य लिहिणे अगदी सोपे, आणि अगदी निरुपयोगीही. त्रास म्हणजे काय, हाच उद्या वाद होणार. त्याऐवजी गट क्रमांक, धुऱ्याची दिशा, झाडांची संख्या, त्यांनी किती मीटरपलीकडे वाढू नये ती उंची, छाटणीचा महिना (तो नोव्हेंबर असावा, ताण सुरू होण्यापूर्वीचा) आणि छाटणीचा खर्च कोणी सोसावयाचा, एवढे आकड्यांनिशी लिहावे आणि लेख नोंदवून घ्यावा. 'धुरा' हा शब्द तसाच ठेवण्यास हरकत नाही. फक्त त्यापुढे कंसात 'सामाईक बांध' असे लिहावे, कारण कागद वाचणारा न्यायाधीश विदर्भातला असेलच असे नाही.