चार वाद्या आणि एक झोळी

लॅक्रॉसमध्ये गोलरक्षक सोडला तर कुणीही चेंडूला हात लावायचा नाही. झेलणे, पळवत नेणे, फेकणे हे सारे काठीच्या टोकाला विणलेल्या झोळीनेच करायचे. चेंडू भरीव रबराचा, 142 ते 149 ग्रॅम वजनाचा. धावताना तो उसळून पडू नये म्हणून झोळी खोल हवी आणि फेकताना अडकू नये म्हणून उथळ हवी. दोन्ही एकदम कसे साधणार? आज बहुतेक पुरुष खेळाडू तयार नायलॉनची जाळी, म्हणजे मेश, बसवून मोकळे होतात. पण जुन्या विणीने या पेचाला दिलेले उत्तर मला जास्त हुशारीचे वाटते.

ही वीण उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची. आज न्यूयॉर्क राज्यात आणि कॅनडात राहणारे हौडेनोसौनी लोक या खेळाला विधात्याने दिलेला खेळ मानतात आणि आजारी माणसाला बरे वाटावे म्हणूनही तो खेळतात. त्यांची काठी हिकरीच्या लाकडाची. खोड चिरायचे, वाफ देऊन टोक वाकवायचे, महिनोन्‌महिने वाळवायचे आणि मग तासायचे. त्यांच्यातल्याच ओनोंडागा राष्ट्राचे आल्फ्रेड जॅक्स वडिलांच्या हाताखाली हे शिकले आणि 2023 मध्ये निधन होईपर्यंत या कामातले एक नावाजलेले कारागीर होते. या काठीला एकाच बाजूने लाकडाची भिंत असते. दुसरी बाजू ताताची, कच्च्या चामड्याची किंवा दोरीची, विणूनच उभी करावी लागते.

1968 मध्ये कॉर्नवॉल बेटावरचा, हौडेनोसौनींपैकीच असलेल्या मोहॉक कारागिरांचा कारखाना जळाला. जगातल्या बहुतेक लाकडी काठ्या तिथूनच जात, त्यामुळे तुटवडा पडला. दोनच वर्षांनी बाल्टिमोरच्या एसटीएक्स कंपनीचे प्लास्टिकचे हेड, म्हणजे काठीच्या टोकाची झोळी धरणारी चौकट, बाजारात आले. हेड बदलले, दोन्ही कडा सारख्या झाल्या, पण आतली वीण बराच काळ तशीच राहिली.

या विणीचा कणा म्हणजे चामड्याच्या चार उभ्या वाद्या. वादी आधी पाण्यात भिजवून ताणून घेतात, नाहीतर ती खेळताना मैदानावर लांबते आणि झोळी लोंबू लागते. वादीच्या एका टोकाला चीर देतात. ते टोक हेडच्या वरच्या कडेच्या भोकातून ओवायचे आणि उरलेली वादी त्याच चिरेतून ओढून घ्यायची, की फास आपोआप बसतो. खालचे टोक हेडच्या तळातून बाहेर काढून सुटेल अशा गाठीने बांधतात. पक्की गाठ मारणाऱ्याला ही वीण कळलेलीच नाही, असे खुशाल समजावे.

मग दोन्ही कडांच्या भोकांतून नायलॉनची दोरी वळसे देत खाली आणतात. आडवी दोरी आधाराला धरते ती या वळशांना. खरे कौशल्य आडव्या दोरीचे. दोन वाद्यांमधल्या रकान्यात ती नागमोडी वळणे घेत खाली उतरते, दर वळणाला वादीभोवती फेरा घेते. शेजारचा रकाना विणताना नवा फेरा आधीच्या फेऱ्यात अडकवला, तर दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात आणि चेंडूच्या भाराने सरकत नाहीत. रकान्यात चौकटीच्या एक्क्यासारखी घरे दिसू लागतात. एका रकान्यात साधारण दहा घरे ही रुळलेली वीण. घरे जितकी दाट, तितकी झोळी एकसंध आणि तितकाच विणणाऱ्याच्या बोटांचा पिट्ट्या. आडवी दोरी मात्र फार ओढायची नाही. ती ताठ झाली तर झोळीला पोटच येत नाही आणि मग वाद्या कितीही सैल केल्या तरी उपयोग नसतो.

तबलजी जसा वादीखालचा गठ्ठा हातोडीने सरकवून स्वर लावतो, तसा खेळाडू या चार वाद्या लावतो. मधल्या दोन सैल केल्या की चेंडूला बसायला मधोमध पन्हळ तयार होते. घट्ट केल्या की झोळी उथळ होऊन चेंडू लवकर सुटतो. पाऊस पडला की चामडे ढिले पडते, म्हणून सामना चालू असतानाही बाकावर बसून वाद्या ओढून घ्याव्या लागतात. मेशचा चाहता इथेच नाक मुरडतो, आणि त्याचेही खरे आहे. ज्याला रोज गाठी सोडायचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊच नये.

वरच्या कडेजवळ आणखी काही जाड दोऱ्या आडव्या ओवतात, त्या शूटिंग स्ट्रिंग. बाहेर पडणारा चेंडू शेवटी त्यांच्यावरून घसरतो. त्या फार ताणल्या तर चेंडू क्षणभर अडतो आणि अपेक्षेपेक्षा खाली आदळतो. नवी वीण चेंडू दाबून, ठोकून आणि भिंतीवर मारमारून मळवावी लागते.

खोली मात्र मनाला येईल तेवढी ठेवता येत नाही. पुरुषांच्या मैदानी खेळात पंच काठी डोळ्यांसमोर आडवी धरतात. चेंडूचा माथा आणि कडेची खालची धार यांच्यामधून उजेड दिसला तर काठी बाद. महिलांच्या खेळात नियम याहून कडक, तिथे चेंडूचा माथा कडेच्या वर दिसलाच पाहिजे. त्यांच्या नियमपुस्तकाने बराच काळ मेशला मज्जाव केला होता, चार किंवा पाच उभ्या वाद्या आणि आडव्या विणीचे 8 ते 12 टाके असा दंडकच होता. त्यामुळे जुनी वीण टिकली ती मोठ्या प्रमाणात मुलींच्या हातांत, आणि वाद्या चामड्याऐवजी कृत्रिम धाग्यांच्या झाल्या तरी टिकली.

वाद्यांची उरलेली शेपटे कापावी की नाही, यावर खेळाडूंचे एकमत नाही. पुढे वादी सैल करायची झाली तर लांबी शिल्लक हवी, म्हणून बरेच जण कात्री लावत नाहीत. अमेरिकेतल्या पुरुषांच्या मैदानी लॅक्रॉसचा नियम मात्र लोंबणारी शेपटे दोन इंचांच्या आत ठेवायला सांगतो, तेव्हा जास्तीची लांबी हेडच्या तळाशीच गुंडाळून अडकवतात.