जिनिंग ते लिस्टिंग : शेअर बाजार निवडतानाचे गैरसमज

कंपनी लोकांसाठी खुली करताना तिचे शेअर कोणत्या बाजारात नोंदवायचे, हा प्रश्न वाटतो तेवढा मोकळा नसतो. देशभर व्यवहार चालणारे मोठे बाजार दोनच : 1875 पासूनचा मुंबई शेअर बाजार, म्हणजे बीएसई, आणि 1994 मध्ये व्यवहार सुरू केलेला राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई. दोघांचाही मोठ्या कंपन्यांसाठी एक मेनबोर्ड आणि 2012 पासून लहान कंपन्यांसाठी एक एसएमई मंच आहे. या चार दारांपैकी कोणते उघडेल, हे बहुतेक वेळा कंपनीची घडण आणि तिचा आकार आधीच ठरवून ठेवतात. पुसदसारख्या कापसाच्या गावातून पाहिले तर हे जास्त स्पष्ट दिसते.

पहिला गैरसमज घडणीचाच आहे. ‘शेअर आहेत म्हणजे बाजारात आणता येतील’ असे सहकाराच्या मुलखात सहज बोलले जाते. पुसद-उमरखेड भागातल्या अनेक शेतकऱ्यांच्या घरी पोफाळीच्या वसंत सहकारी साखर कारखान्यासारख्या संस्थांच्या भागांची कागदपत्रे आहेत. पण सहकारी संस्थेचा भाग हा सभासदत्वाचा पुरावा असतो. मत माणसामागे एक असते, भागामागे नाही, आणि तो भाग वाटेल त्याला विकता येत नाही. असा भाग कोणत्याच शेअर बाजारात नोंदवता येत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावात ‘कंपनी’ असली तरी तिचे शेअर उत्पादक सभासदांपुरतेच मर्यादित असतात, त्यामुळे तिलाही हा रस्ता बंद आहे. साखर धंद्यातून उभ्या राहिलेल्या ज्या कंपन्या बाजारात दिसतात त्या मुळातच जॉइंट स्टॉक कंपन्या : वालचंद हिराचंदांनी 1933 मध्ये काढलेली नाशिक जिल्ह्यातली रावळगाव, किंवा शिरगावकरांची बेळगाव जिल्ह्यातली उगार शुगर.

कापसाची सरकी वेगळी करून गाठी बांधण्याचा, म्हणजे जिनिंग-प्रेसिंगचा, धंदा बहुधा घरच्या भागीदारीत चालतो. तिचे रूपांतर पब्लिक लिमिटेड कंपनीत करता येते, आणि भागीदारीतली जुनी वर्षे अनुभव म्हणून धरलीही जातात. मात्र बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या 2025 च्या बदलांनंतर, अशा कंपनीने एसएमई मंचासाठी मसुदा माहितीपत्रक दाखल करण्यापूर्वी कंपनी म्हणून किमान एक पूर्ण आर्थिक वर्ष काढलेले असावे लागते. दिवाळीत रूपांतर आणि होळीला आयपीओ, म्हणजे लोकांना पहिली शेअरविक्री, हा बेत आता जमत नाही.

‘आपल्या भागातल्या बाजारातच नोंदणी करावी लागते’ ही समजूत जुन्या पिढीच्या व्यापाऱ्यांकडून आलेली आहे, आणि ती एके काळी खरी होती. नोंदणीकृत कार्यालयाच्या भागातल्या प्रादेशिक शेअर बाजारात नोंदणी सक्तीची असे. पुण्यात 1982 मध्ये निघालेला शेअर बाजार त्याच व्यवस्थेतला. संगणकावरचे व्यवहार देशभर पसरले तसे हे बाजार ओस पडले. सेबीने 2012 मध्ये त्यांना बाहेर पडण्याचा मार्ग ठरवून दिला आणि पुण्याचा बाजार 2015 मध्ये अधिकृतपणे संपला. आज पुसदच्या कंपनीला पुणे किंवा नागपूर जवळ आहे की दूर, याला नोंदणीच्या दृष्टीने काही अर्थ नाही.

सर्वांत चिवट गैरसमज आकड्याचा आहे. ‘25 कोटींपर्यंतची कंपनी एसएमई, त्यावर मेनबोर्ड’ हे वाक्य ढोबळमानाने बरोबर आहे, पण ते 25 कोटी कशाचे, हे बहुतेकांना चुकीचे माहीत असते. ती उलाढाल नाही, कंपनीचे बाजारमूल्यही नाही. ते आयपीओनंतरचे, दर्शनी किमतीने मोजलेले वसूल भागभांडवल आहे. समजा, एका जिनिंग कंपनीचे 10 रुपये दर्शनी किमतीचे 80 लाख शेअर प्रवर्तकांकडे आहेत आणि ती 30 लाख नवे शेअर 60 रुपयांना विकते. कंपनीला 18 कोटी मिळाले, तिचे मूल्य 66 कोटी झाले. नियमाच्या लेखी मात्र ती 11 कोटींची कंपनी आहे.

10 कोटींच्या आतल्या कंपनीला एसएमई मंचाशिवाय पर्याय नाही. 10 ते 25 कोटींच्या पट्ट्यात निवड आहे, पण कागदावर. मेनबोर्डच्या नेहमीच्या वाटेने जायचे तर मागच्या तीन वर्षांचा सरासरी करपूर्व कार्यकारी नफा किमान 15 कोटी हवा. तो नसेल तर इश्शूचा किमान 75 टक्के हिस्सा बँका, म्युच्युअल फंड अशा संस्थात्मक खरेदीदारांना द्यावा लागतो. जिनिंगच्या धंद्यात नफ्याची टक्केवारी इतकी बारीक असते की असे खरेदीदार मिळणे कठीण, म्हणून दुसरी वाटही बहुधा बंदच राहते.

मग उरते बीएसई की एनएसई. येथे ‘एनएसईवर भाव चांगला मिळतो’ असे ठामपणे सांगितले जाते. पण आयपीओची किंमत कंपनी आणि मर्चंट बँकर ठरवतात, बाजार ठरवत नाही. एनएसईची खरी ताकद उलाढालीत आहे. रोखीच्या शेअर व्यवहारांचा नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा तिथे होतो. बीएसईवर कंपन्यांची संख्या अधिक, पाच हजारांवर. मेनबोर्डवर येणारी कंपनी बहुधा दोन्हीकडे नोंदणी करते आणि एकाला ‘नियुक्त शेअर बाजार’ म्हणून नेमते. शेअर वाटपाचा आधार त्याच्याशी ठरवला जातो. म्हणजे ‘किंवा’चा प्रश्न तिथे उरतच नाही. (खुद्द बीएसई कंपनी म्हणून 2017 मध्ये बाजारात आली तेव्हा तिचे शेअर एनएसईवर नोंदले गेले, कारण कोणत्याही बाजाराला स्वतःच्याच फळ्यावर नोंदणी करता येत नाही.)

एसएमईमध्ये मात्र मंच एकच निवडायचा असतो, आणि तिथे दोघांतला फरक बारीक पण निर्णायक आहे. तीनपैकी दोन वर्षांत किमान 1 कोटी कार्यकारी नफा ही सेबीची अट दोघांनाही लागू आहे. त्यापलीकडे प्रत्येकाचे स्वतःचे निकष आहेत. एनएसईचा इमर्ज मंच 2024 पासून तीनपैकी दोन वर्षांत भागधारकांसाठी मोकळी राहणारी रोकड शून्याच्या वर असावी, असे म्हणतो. बीएसई कर्ज आणि स्वतःचे भांडवल यांचे प्रमाण 3 पटीच्या आत मागते. जिनिंगवाल्याला ही दोन्ही मापे वेगवेगळ्या ठिकाणी टोचतात. कापूस हंगामात रोखीने घ्यावा लागतो आणि 31 मार्चला गोदामात गाठी पडून असतात. माल स्वतःच्या पैशाने भरला असेल तर ही मोकळी रोकड उणे दिसते. बँकेच्या कॅश क्रेडिटवर भरला असेल तर रोकड सावरते, पण कर्जाचे प्रमाण फुगते. दलालाच्या सल्ल्यापेक्षा मागच्या तीन वर्षांच्या मार्चअखेरचा ताळेबंद या निवडीत जास्त बोलतो.

‘आयपीओ आला तर गावातलीच माणसे शेअर घेतील’ हा गोड गैरसमज. एसएमई आयपीओत आता किमान दोन लॉटचा (लॉट म्हणजे ठरावीक शेअरचा गठ्ठा), 2 लाखांहून अधिक रकमेचा अर्ज करावा लागतो. वरच्या उदाहरणात 2000 शेअरचा लॉट धरला तर एका अर्जाला 2 लाख 40 हजार रुपये लागतात. मेनबोर्डवर तोच अर्ज साधारण 15 हजारांत होतो. नोंदणीनंतरही एसएमईची खरेदी-विक्री लॉटमध्येच चालते. त्यामुळे पुसदच्या शाळेतल्या शिक्षकाला 50 शेअर घेण्याची सोय नाही आणि विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावे लागते. म्हणूनच तीन वर्षे मार्केट मेकर ठेवणे सक्तीचे आहे. तो खरेदी आणि विक्री दोन्हीचे भाव सतत देत राहतो, आणि त्याचा खर्चही कंपनीच्या हिशेबात धरावा लागतो.

बाजाराने परवानगी दिली म्हणजे कंपनी चांगली ठरली, असेही नाही. मेनबोर्डच्या मसुद्यावर सेबी आपली निरीक्षणे देते. एसएमईचा मसुदा प्रामुख्याने शेअर बाजारच तपासतो. दोन्ही प्रकारच्या माहितीपत्रकांत, या परवानगीचा अर्थ गुणवत्तेची हमी असा घेऊ नये, असे स्पष्ट छापलेले असते.

परदेशी बाजाराचा मोह लहान कंपनीला फारसा उपयोगी नाही. जानेवारी 2024 च्या योजनेनुसार भारतीय कंपनीला थेट आंतरराष्ट्रीय नोंदणी करता येते, पण ती सध्या गांधीनगरच्या गिफ्ट सिटीतल्या बाजारांपुरतीच.

‘एकदा निवडले की कायमचे’ हेही खरे नाही. 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने 1999 मध्ये अमेरिकेत नॅस्डॅकवर नोंदणी केली आणि 2012 मध्ये ती न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर हलवली. एसएमई कंपनीलाही भांडवल 10 कोटींच्या वर गेल्यावर, काही वर्षांनी, मेनबोर्डवर जाता येते. त्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो, आणि त्यात प्रवर्तकांची मते पुरेशी नसतात : प्रवर्तक सोडून इतर भागधारकांची बाजूची मते विरोधातल्या मतांच्या किमान दुप्पट असावी लागतात.