बदली न होणारा संघ

फुटबॉलचा क्लब म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले तर उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. अकरा खेळाडू म्हणावेत, तर ते दर दोन-चार वर्षांनी बदलतात. मैदान म्हणावे, तर आपल्याकडच्या बहुतेक क्लबांना स्वतःचे मैदान नसते. चषक म्हणावेत, तर ते कपाटात ठेवल्या ठेवल्या काळे पडतात. मग शंभर-पन्नास वर्षे टिकून राहते ते काय? मी कादंबऱ्या लिहितो आणि त्याआधी पस्तीसएक वर्षे बँकेत खातेवह्या तपासल्या आहेत. माणसे आणि हिशेब या दोन्ही बाजूंनी या प्रश्नाकडे पाहायची संधी मला मिळाली, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी मूळचा छावणीचा. छत्रपती संभाजीनगर म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, आणि त्याच्या पश्चिम अंगाला खाम नदीपलीकडची ही लष्करी वस्ती. गुरुवारचा बाजार, गुराढोरांचा गलका, जुने बंगले, चिंचेची झाडे आणि संध्याकाळी मैदानावर जवानांचा फुटबॉल. आम्ही पोरे कडेला बसून बाहेर गेलेला चेंडू परत टाकायचो. तेवढ्यासाठीही आमच्यात भांडणे होत. एखादा उंचापुरा जवान आमचा लाडका होई, त्याच्या नावाने आम्ही ओरडू लागू, आणि एके दिवशी पलटणीचा मुक्काम हले. नवी पलटण येई, नवा संघ येई. मैदान तेच, चेंडू तोच, माणसे मात्र निराळी.

आपल्या देशात हा खेळ मुळात असाच छावण्याछावण्यांतून पसरला. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ साली सुरू झाली आणि मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ साली. दोन्हींत सुरुवातीला गोऱ्या पलटणींचेच राज्य होते. पुढे आपल्या माणसांनी हा खेळ असा काही आत्मसात केला की विचारू नका. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी मुंबई-कलकत्त्यापेक्षा हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे नाव जास्त असे. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. त्याचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशानेही शाळामास्तर. त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. आज हे सांगितले तर नातवंडांना आजोबांची थाप वाटते.

पण पोलिसांचा संघ काय किंवा पलटणीचा संघ काय, तो खात्याचा संघ. खात्याचे लक्ष उडाले की संघ गेला. गावाचा, गल्लीचा, आळीचा संघ कसा असतो, ते मला नोकरीतल्या एका बदलीने दाखवले. १९९६ साली माझी बदली कोल्हापूरला झाली.

कोल्हापुरात फुटबॉल आहे हे ऐकून माहीत होते, पण तो तालमीत राहतो हे माहीत नव्हते. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, त्यामुळे कोल्हापुरात पेठेपेठेत तालमींना मान मिळाला. तालमीत तांबडी माती, कोपऱ्यात मारुती आणि बाहेर कट्टा. गणपती असो, कोणाचे लग्न असो वा कोणाची मयत, पेठेची माणसे आधी तालमीच्या दारात जमणार. फुटबॉल आला तो या दारातूनच आत शिरला. म्हणून तिथल्या संघांची नावे पाहा: पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. त्यांच्याच जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब. या सगळ्यांना एका सूत्रात बांधणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची. तिला छत्रपती घराण्याचा आधार आजही आहे.

हिवाळा लागला की राजर्षी शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होई आणि उन्हाळा भरात येईपर्यंत चाले. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा सामना असला की आमच्या शाखेत दुपारी तीननंतर चिटपाखरू फिरकत नसे. आमचा शिपाई हळूच टेबलापाशी येऊन म्हणे, “सायेब, आज जरा लवकर सोडा की. मॅच हाय.” ‘मॅच’ या शब्दाचा उच्चार तो असा करी, की घरात बारसे आहे म्हणून रजा मागतो आहे असे वाटावे.

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो त्या काकूंनी स्टेडियमची पायरी कधी चढली नव्हती. पण निकाल त्यांना स्वयंपाकघरात बसून कळे. रस्त्यावर हलगी वाजली, गुलाल उधळला, मोटारसायकलींचे हॉर्न ऐकू आले की त्या वाटीभर पीठ जास्त मळत, कारण मुलाबरोबर चार पोरे जेवायला येणार हे ठरलेले. पेठ गप्प असली की म्हणत, “आज कुणी जेवणार न्हाई. भाकरी झाकून ठेवते.” कोणत्याही वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर न आलेले हे सामन्याचे वर्णन मला आजही सगळ्यांत अचूक वाटते.

आता हिशेबाची बाजू. एका तालीम मंडळाचे बचत खाते आमच्याकडे होते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी दोघांच्या सह्यांनी चालणारे. त्या खात्याचा उतारा म्हणजे पेठेची कुंडलीच. हंगामाच्या तोंडावर पन्नास, शंभर, अडीचशे अशा रकमा जमा होत. वाणी, दूधवाला, सोनार, रिक्षावाला, निवृत्त शिक्षक, सगळ्यांची वर्गणी. मग बूट, जर्सी, चेंडू, प्रवास, कोणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे, असे खर्च सुरू होत, आणि हंगाम संपेपर्यंत खाते किमान शिल्लकीवर येऊन थांबे. बँकेच्या भाषेत हे खाते अगदीच सामान्य. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्याचा तोल दरसाल शून्याशी येतो आणि जे कधी बंद पडत नाही, असे दुसरे खाते मी पाहिले नाही. खजिनदार म्हणजे साधा किराणा दुकानदार. त्यांना मी एकदा विचारले, “दरवर्षी सगळे पैसे संपवता, पुढच्या वर्षी कसे होणार याची काळजी वाटत नाही?” ते म्हणाले, “पेठ कुठं जातीया, सायेब?”

हे फक्त आपल्याकडेच आहे असे मात्र नाही. मध्य युरोपातल्या चेक देशात खेड्यापाड्यांतल्या कितीतरी फुटबॉल संघांच्या नावात आजही ‘सोकोल’ हा शब्द असतो. सोकोल म्हणजे ससाणा. १८६२ साली मिरोस्लाव तिर्श आणि त्यांच्या सोबत्यांनी प्राग शहरात या नावाची व्यायामसंस्था काढली. तो देश तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता आणि शरीर कमावता कमावता स्वाभिमानही कमवावा असा तिचा रोख होता. व्यायामशाळा गावोगाव पसरल्या. पुढे फुटबॉल आला तेव्हा अनेक गावांत तोही या नावाखाली नांदू लागला. म्हणजे तीही तालीमच! त्याच प्रागमधल्या बोहेमियन्स या जुन्या क्लबचे २००५ साली दिवाळे निघायची वेळ आली. तेव्हा त्याच्या चाहत्यांनी वर्गणी गोळा केली, सहकारी संस्था काढली आणि क्लब वाचवला. सहकाराच्या कोल्हापुरात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागणार नाही.

आता याच्या शेजारी मुंबईचे चित्र ठेवून पाहा. महिंद्र युनायटेड हा देशातला नावाजलेला संघ. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग त्याने जिंकली आणि २०१० साली कंपनीने तो बंद केला. कंपनीला तसा हक्क होता, त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. रोव्हर्स चषकही शंभर वर्षांची पुण्याई असून २०००-०१ नंतर झाला नाही. कंपनीत ठराव होतो आणि संघ विसर्जित होतो. पेठेचा संघ विसर्जित करायचा ठराव कोणी मांडायचा आणि कोणी अनुमोदन द्यायचे? पैशाने, दर्जाने, सोयींनी कमी असूनही तालमीचे संघ टिकले, त्याचे कारण एवढेच आहे की त्यांचा मालक कोणी एक माणूस नाही.

मात्र ही सगळी आरती ओवाळून झाल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ते पेठेवरचे प्रेम खरे नव्हे. ज्या ईर्षेवर हा खेळ जगतो, तीच त्याच्या मुळावरही येते. गॅलरीतून दगड आणि बाटल्या येणे, पोलिसांचा बंदोबस्त लागणे, सामना अर्ध्यावर थांबणे हे कोल्हापूरकरांनी वारंवार पाहिले आहे. पुढच्या काळात नेत्यांच्या नावाचे चषक वाढले, बक्षिसाच्या रकमा लाखांत गेल्या. मग जिंकण्यासाठी बाहेरचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू आणले जाऊ लागले. चांगल्या खेळाडूबरोबर खेळून आपली मुले शिकतात हे खरे. पण बाहेरून आलेल्या प्रत्येक खेळाडूमागे पेठेतला एक मुलगा बाकावर बसतो, हेही तितकेच खरे. त्याची आई त्या बाकाची गोष्ट कोणाला सांगत नाही.

आणि ज्याला खरेच मोठे व्हायचे, त्याला पेठ सोडावीच लागते. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला तेव्हा तो आपल्या संघात होता. वयाचा कोणताही असो, फुटबॉलच्या विश्वचषकात उतरलेला तो भारताचा पहिलाच संघ. दिल्लीत भारत तिन्ही सामने हरला, पण कोल्हापूरकरांची छाती फुगायची ती फुगलीच. मात्र अनिकेत घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. आहार, शिस्तबद्ध सराव, रोजचे शिक्षक हे त्याला तिथे मिळाले. कोल्हापूरने त्याला पायात चेंडू दिला, पुढचा रस्ता दुसऱ्याने दिला. शंभर मुलांपैकी असा एखादाच निघतो. उरलेल्या नव्याण्णवांचे काय? पूर्वी चांगल्या खेळाडूला बँक, रेल्वे, पोलीस, गिरण्या नोकरी देत. त्या जागा आटल्या. विशीत ज्याच्या नावाने गॅलरी दुमदुमत होती, तो तिशीत काय करतो, हा प्रश्न विचारायला चषकवाटपाच्या मंचावर कोणाला सवड नसते.

म्हणून मला वाटते, पेठेच्या संघाने आपली श्रीमंती नेमकी ओळखावी. चषकाच्या बाबतीत पैसेवाले त्याला कधीतरी हरवतीलच. पण मुलाला नावाने हाक मारणारी, त्याच्या गुडघ्याच्या एक्स-रेला वर्गणी काढणारी, त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवणारी माणसे पैशाने आणता येत नाहीत. हीच माणसे उद्या त्याच्या दहावीच्या निकालाची चौकशी करू लागली, बाहेरच्या खेळाडूवर खर्च होणाऱ्या रकमेतला चौथा हिस्सा बारा वर्षांखालच्या मुलांच्या शिक्षकाला देऊ लागली, तर खजिनदारांच्या त्या उताऱ्यात अजून एकच ओळ वाढेल, पण तालमीचे नाव सार्थ होईल. तालीम या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण असाच आहे, हे विसरून कसे चालेल?

निवृत्तीनंतर मी छावणीत परत आलो. इथेही संध्याकाळी पोरे चेंडू खेळतात. चपला रचून गोल करतात आणि अंधार पडेपर्यंत भांडतात. गुण कमी नाहीत, हौस तर मुळीच कमी नाही. त्यांना हवी आहेत ती चार मोठी माणसे, जी कुठेही बदलून जाणार नाहीत. एक वही, एक खाते, दोघांच्या सह्या आणि दरमहा पन्नास रुपये देणारी वीस घरे, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. फक्त त्या संघाला कोणा नेत्याचे नाव नको. ‘छावणी’ एवढेच पुरे.