कसब्यातले ठोके

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कसबा पेठेतली तांबट आळी शोधायला तेव्हा पत्ता लागत नसे. शिवाजी रस्त्यावरून आत वळलं की कानच वाट दाखवत. एका घरातला हातोडा थांबला की शेजारच्या घरातला सुरू व्हायचा. आजही आळीत ठोके ऐकू येतात, पण ते नेमके कुठून येताहेत हे कुणाला तरी विचारावं लागतं. पुण्याच्या पेठांतल्या कारागिरांबद्दल लिहिताना ‘लोप पावत चाललेली कला’ म्हणून उसासा टाकायचा रिवाज आहे. मला तो पटत नाही. ज्यांच्या हातात कला आहे त्यांच्या हातात ती शाबूत आहे. गेल्या तीन-साडेतीन दशकांत दोन गोष्टी आटल्या. एक दुरुस्तीचं काम आणि दुसरी ते करायची जागा.

त्वष्टा कासार समाजातली ही कुटुंबं पेशवाईत कोकणातून पुण्यात आली. भांड्यांबरोबर नाणी पाडायची, शस्त्रांची कामंही आपल्या पूर्वजांनी केली, असं आळीतले जुने लोक अभिमानाने सांगतात. मी जायला लागलो तेव्हा मात्र तिथे राज्य होतं ते बंबाचं. बंब, घंगाळ, हंडा, कळशी, तपेलं. पत्रा भट्टीत लाल करायचा, थंड करायचा, ठोकून आकार द्यायचा. ठोकता ठोकता तांबं कडक होतं, मग पुन्हा भट्टी. जोडाला डाख द्यायचा. सगळ्यात शेवटी मठार. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने भांड्याच्या अंगावर ओळीने ठोके पाडत जायचं. त्या बारीक खळग्यांनी भांड्याला चकाकी येते हे खरं, पण मठार हा नुसता नखरा नव्हे. त्या ठोक्यांनीच पत्रा घट्ट होतो आणि भांडं पोचे खात नाही. एक वयस्कर तांबट मला म्हणाले होते, “अहो, खूण करून नाही मारत. हात मोजतो.” एका ओळीतला ठोका चुकला तर पुढच्या दहा ओळी वाकड्या दिसतात. ही मोजणी अंगात मुरायला वर्षं जातात, आणि त्या वर्षांचा पगार कुणी देत नाही. मुलं दुसऱ्या नोकऱ्यांकडे वळली, त्यामागचं साधं गणित हे आहे.

स्टेनलेस स्टीलने तांब्या-पितळेला स्वयंपाकघरातून हुसकलं ते माझ्या लहानपणीच. बंब टिकला होता, कारण अंघोळीच्या गरम पाण्याला दुसरी सोय नव्हती. मग घरोघरी गीझर आले आणि बंब माळ्यावर गेले. तिथून बरेचसे मोडीत निघाले, उरलेले हॉटेलांच्या दारात शोभेला उभे राहिले. नवीन बंब विकला जाईना, हा तोटा तर दिसत होताच. पण प्रत्येक बंबामागे वर्षानुवर्षांची दुरुस्ती असायची. बूड बदलणं, नळी बसवणं, तोटीची गळती काढणं. भांड्यांना कल्हई लागायची. कथील, नवसागर, कापसाचा बोळा आणि तो उग्र धूर आता कितीजणांना आठवतो? या किरकोळ कामांवर छोट्या कारागिराचा महिना निघायचा. मोठी ऑर्डर आली तर ती वरकड. आता उलट झालंय. मोठी ऑर्डर आली तरच महिना.

जागेचा प्रश्न त्याहून अवघड. ही कामं वाड्यांच्या तळमजल्यावर, ओट्यावर, चौकात चालायची. वाडे पडले, इमारती उभ्या राहिल्या. जुन्या भाडेकरूला गाळा मिळतोही, पण त्यात भट्टी पेटवता येत नाही आणि वरच्या मजल्यावरच्यांना ठोके सोसवत नाहीत. ज्या आवाजावरून आळी ओळखायची, तोच आता तक्रारीचा विषय.

शेजारच्या आळ्यांचं थोडक्यात सांगतो. बुरुडांच्या सुपा-रोवळ्यांची जागा प्लास्टिकने घेतली, तरी लग्नातल्या रुखवतापुरत्या आणि सजावटीपुरत्या टोपल्या विणल्या जातात. कुंभारवाड्यातल्या बऱ्याच कुंभारांनी चाक आणि आवा मुंढव्याजवळच्या केशवनगरला हलवला. ढोलवाल्यांचं मात्र नशीब उघडलं. गणेशोत्सवात पथकं वाढली तशी ढोल बांधणाऱ्यांना उसंत मिळेना. चामड्याच्या पानाऐवजी फायबरचं पान आलं, त्यावर जाणकार नाक मुरडतात. मला विचाराल तर मुरडू नये. गिऱ्हाईक आहे म्हणून कारागीर आहे.

दुकानांची कहाणी निराळी. काका हलवाई 1892 पासूनचे, चितळे बंधू 1950 पासूनचे. ही नावं पिढ्या बदलूनही टिकली, कारण गिऱ्हाईक त्यांच्या स्वतःच्या मालकीचं. तांबटाचं गिऱ्हाईक मधल्या दुकानदाराचं. तुळशीबागेत समई घेणाऱ्या बाईला ती कुणी घडवली हे माहीत नसतं, आणि विचारावंसंही वाटत नाही. सराफीतही हेच दिसतं. पाट्या मराठी, आणि रविवार पेठेतल्या माड्यांवर दागिने घडवणारे हात कित्येकदा बंगालहून आलेले. ते तासन्‌तास मान खाली घालून बसतात. पेठेचा इतिहास सांगताना त्यांचं नाव कुणी घेत नाही. माझ्या मते आजच्या घडीला तेच पेठेतले खरे कारागीर.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली. वारसा जतन करणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या पुणे शाखेने तांबट आळीत लक्ष घातलं, नव्या घाटाच्या वस्तू करून घेतल्या, ‘कॉप्रे’ या नावाने त्या बाजारात आल्या. मठाराचं काम दिवाणखान्यात शिरलं. तांब्याच्या बाटल्यांची लाट आली ती वेगळी. त्यातल्या बहुतेक यंत्रावर होतात, पण निदान तांबं लोकांच्या हातात परत आलं. पंजाबातल्या जंडियाला गुरूच्या ठठेरांच्या भांडीकामाची 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. आपल्या तांबटांसाठीही तसं व्हावं असं अधूनमधून कुणी म्हणतं. झालं तर आनंदच. पण यादीत नाव आलं म्हणून भट्टीला जागा मिळत नाही. पालिकेने पेठेतल्या दोन-चार आवारांत आवाज आणि धूर चालेल अशी कामाची जागा राखली, तर तिचा उपयोग कुठल्याही मानपत्राहून जास्त होईल. हेरिटेज वॉकला येणारी मंडळी फोटो काढून पुढे जातात. त्यांना दोष देत नाही, पण फोटोवर कुणाचा महिना निघत नाही.

2024 च्या सप्टेंबरपासून भुयारी मेट्रो कसब्यापर्यंत जाते, त्यामुळे गाडी कुठे लावायची ही सबब संपली. तुमच्या माळ्यावर आजीचं घंगाळ किंवा हंडा असेल तर मोडीत घालू नका. पिशवीत घालून आळीत न्या, गळतं कुठे ते दाखवा आणि सांगतील ती मजुरी घासाघीस न करता द्या. जाल ते सकाळी जा.