निर्वासित
निर्वासित : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व वा राजकीय मते यांवरून छळ होईल, अशा साधार भीतीमुळे स्वदेशाबाहेर असलेली आणि त्या देशाचे संरक्षण घेण्यास असमर्थ वा भीतीपोटी अनिच्छुक असलेली व्यक्ती. ही व्याख्या जिनीव्हा येथे २८ जुलै १९५१ रोजी संमत झालेल्या करारातील आहे. १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरती असलेली तिची मर्यादा १९६७ च्या पूरक करारान्वये दूर झाली. केवळ दुष्काळ वा दारिद्र्य यांमुळे देश सोडणारे लोक सामान्यतः या व्याख्येत बसत नाहीत. आफ्रिकी ऐक्य संघटनेने मात्र १९६९ मध्ये परकीय आक्रमणामुळे परागंदा झालेल्यांचाही निर्वासितांत समावेश केला.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याने आश्रय मागण्याचा हक्क मान्य केला. तो देण्याचे बंधन मात्र राष्ट्रांवर घातले नाही. ही उणीव १९५१ च्या कराराच्या ३३ व्या अनुच्छेदाने अंशतः भरून निघते : जीवित वा स्वातंत्र्य धोक्यात येईल अशा प्रदेशात निर्वासितास परत धाडण्यास सदस्य-राष्ट्रांना मनाई आहे. राष्ट्राच्या सुरक्षिततेस धोकादायक व्यक्तींना मात्र हे संरक्षण मागता येत नाही.

भारत या कराराचा सदस्य नाही. तथापि १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सु. १ कोटी लोकांना त्याने आश्रय दिला. अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही लाभते, असा निर्णय दिला.