दिवा किती उंच टांगावा?

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मुलीने ऊन मोजायला शिकावे, असे कुणी म्हटले असते तर मला हसू आले असते. परंतु गेल्या उन्हाळ्यात माझ्या मामांनी शहरातल्या बिनखिडकीच्या खोलीत मिरचीची रोपे तयार करून विकण्याचा उद्योग मांडला आणि दिव्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

साहित्य थोडेच होते. अडीच फूट लांब-रुंद, आतून चांदीसारखा चकचकीत तंबू, शंभर वॅटचा एलईडी दिवा, त्याचा प्रकाश कमी-जास्त करणारे बटण आणि कोकोपीट भरलेले ९८ खणांचे दोन ट्रे. पहिल्या खेपेस विजेच्या बिलाच्या धास्तीने आम्ही दिवा तीन फुटांवर टांगला आणि तीस टक्क्यांवर ठेवला. रोपे सुतासारखी बारीक, उंच वाढली आणि आडवी पडली. दुसऱ्या खेपेस दिवा वीतभर अंतरावर आणून पूर्ण प्रकाश सोडला. मधल्या रोपांची पाने पांढरी पडली, कडा वर वळल्या. कोपऱ्यातली रोपे मात्र मध्याकडे झुकून लांबतच राहिली. दोन खेपा वाया गेल्या. मामा म्हणाले, "अगं, शेतात सूर्य कुणी वरखाली करतं का?"

मामांच्या त्या प्रश्नातच उत्तर होते. सूर्य सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. रोप फूटभर वाढले तरी त्याला मिळणाऱ्या उन्हात फरक पडत नाही. आमचा दिवा दोन फुटांवर असतो, तिथे एक फूट म्हणजे निम्मे अंतर! एका बिंदूतून निघणारा प्रकाश अंतर दुप्पट झाले की चौथाईवर येतो. पसरट दिवा आणि चकचकीत भिंती यांमुळे तंबूत घट याहून कमी होते, पण होते हे निश्चित.

दुसरी अडचण आपल्या डोळ्यांची. डोळ्याची बाहुली प्रकाशानुसार लहानमोठी होते, म्हणून डोळ्याला कमी प्रकाशही पुरेसा वाटतो. रोपाचा हिशेब निराळा. त्याच्या पानांवर दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण मायक्रोमोलमध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला ते सुमारे २००० असतात. कोवळ्या रोपांना १०० ते ३०० पुरतात. मोबाइलमधील प्रकाशमापक लक्स दाखवतो. पांढऱ्या एलईडीसाठी त्या आकड्याला ७० ने भागले की ढोबळ अंदाज मिळतो. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, पण मध्य आणि कोपरा यांची तुलना करण्यास तो चांगला उपयोगी पडतो.

तिसऱ्या खेपेस आम्ही क्रम ठरविला. उंची समानतेसाठी आणि बटण तीव्रतेसाठी, हे सूत्र. दिवा रोपांच्या शेंड्यांपासून दोन फुटांवर टांगला. अंतर मातीपासून नव्हे, शेंड्यापासून मोजायचे. बटण चाळीस टक्क्यांवर ठेवले. मोबाइल पानांच्या पातळीवर धरून मध्य आणि चारही कोपरे तपासले. कोपरे फार मागे असतील तर दिवा थोडा वर घ्यायचा आणि प्रकाश तेवढा वाढवायचा. मग दर तीन दिवसांनी दहा टक्के वाढवीत साठपर्यंत गेलो. मध्यभागी १४,००० लक्स, म्हणजे सुमारे २०० मायक्रोमोल मिळाले. सोळा तासांत रोपांना साडेअकरा मोल प्रकाश मिळतो. खर्च रोज एक युनिटहूनही कमी. रोपे वाढतील तसा दिवा वर सरकवायचा. हाताची पाठ शेंड्यांवर धरल्यास चटका जाणवता कामा नये. देठ लांबले तर प्रकाश कमी. शेंडा पांढरा पडला तर जास्त.

या वेळी रोपे बुटकी, जाड देठाची आणि गर्द हिरवी झाली. १९६ पैकी १७१ रोपे विकण्याजोगी निघाली. आधीचे सगळे नुकसान भरून निघाले असे नाही, पण मामांनी पुढच्या खेपेसाठी बी आणले.

दिव्याखाली अंधार असतो, ही म्हण आपण सारेच वापरतो. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. भागाकार शाळेतच सुटला, असे समजत होते. तो मामांच्या खोलीत पुन्हा भेटला आणि उपयोगी पडला. दिवा टांगणे सोपे आहे. त्याखाली उभ्या असलेल्या शेवटच्या कोपऱ्यातल्या रोपापर्यंत उजेड पोहोचतो का, हे वाकून पाहणे महत्त्वाचे.